१/४८ स्पिटफायर : आठ महिने, आणि मधला एक पावसाळा

मार्चमध्ये प्लास्टिकच्या मॉडेल विमानाचा डबा उघडला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमान शोकेसमध्ये गेलं. या आठ महिन्यांतले निदान तीन मी माझ्या हाताने वाया घालवले. ते कसे, हे सांगण्यासाठीच लिहितोय. आता विमान शोकेसमध्ये दोन महिने राहिलंय, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही तेही कळलंय.

किट सुपरमरीन स्पिटफायर मार्क ८ चं (मार्क म्हणजे आवृत्ती), दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, खऱ्याच्या एक अठ्ठेचाळीसांश मापात. कंपनीचं नाव लिहून फारसा उपयोग नाही. हाच साचा वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांतून विकला जातो, वरचं चित्र आणि डीकल्स (विमानावर चिकटवायच्या छापील खुणा) तेवढे बदलतात. मला ते साडेतीन हजारांच्या आसपास पडलं, वर कस्टमचा चटका वेगळा. तयार विमानाचा पंखविस्तार साडेतेवीस सेंटिमीटरच्या आत आणि लांबी साधारण वीस, म्हणजे डोंबिवलीतल्या वन बीएचकेत मावणारं विमान.

मार्क ८ घेण्याचं कारण सरळ होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या वैमानिकांनी उडवलेलं विमान हवं होतं. भारतीय हवाई दलाच्या आठ नंबर स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मिळाली, ती हीच. (हवाई दलाच्या नावामागे 'रॉयल' लागलं ते नंतर, १९४५ मध्ये.) संदर्भाला माझ्याकडे दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात काढलेले ढीगभर फोटो होते. आठवडाभर ते समोर ठेवून बसलो आणि मग लक्षात आलं की पंख्याची पाती जुळत नाहीयेत. पालमला फोटो काढले होते ते मार्क १८ चे : ग्रिफन इंजिन, पाच पाती. मार्क ८ ला मर्लिन इंजिन आणि चार पाती. त्यातही ग्रिफनचा पंखा मर्लिनच्या उलट फिरतो, म्हणून पात्यांचा पीळही उलटा. इंटरनेटवर 'स्पिटफायर' म्हणून शोधलेल्या फोटोंचंही असंच होतं. आधी मार्क बघा, मग फोटो जमवा.

कॉकपिटवर मी तीन आठवडे घालवले आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही, जरी आता कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाआडून त्यातलं पाव टक्काही दिसत नसलं तरी. सूचनापत्रकात अख्खं कॉकपिट हिरवट करड्या रंगात रंगवा म्हटलंय. पण खुर्ची त्या रंगाची नव्हतीच. ती राळेत मुरवलेल्या कागदाच्या थरांची असायची, त्यामुळे तिचा मूळ रंगच विटकरी तपकिरी. तो दिला आणि करड्या खोक्यात एकदम जीव आला. डावीकडच्या छोट्या दारावर एक कांब असते, अपघातात झाकण अडकलं तर फोडायला. बहुतेक जण ती लालभडक रंगवतात. तो लाल रंग युद्धानंतरचा. मी आधी लाल रंगवली, वाचल्यावर पुसली. घरात कोणालाच फरक कळला नाही.

जोडणी बरी आहे, उत्तम नाही. पंखाच्या मुळाशी, जिथे तो धडाला मिळतो तिथे, दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्याला ४८ ने गुणा. खऱ्या विमानात ती दोन बोटं जातील एवढी होईल. मी उत्साहात पुट्टी भरली, वाळल्यावर घासली, आणि घासताना आजूबाजूच्या पत्र्यांच्या सगळ्या नाजूक रेषा उडवल्या. हात दाखवून अवलक्षण. त्या सुईने परत कोरायला दोन रविवार गेले. खरा उपाय पुट्टीचा नव्हताच. धड जोडण्याआधी आतून स्प्रूचा (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा) एक तुकडा आडवा टेकू म्हणून लावायचा, म्हणजे धडाच्या भिंती बाहेर सरकतात आणि फट आपोआप मिटते. गोंद न लावता सुकं जोडून बघितलं असतं तर हे आधीच दिसलं असतं.

डब्यात पंखांची टोकं दोन प्रकारची आहेत. सुरुवातीच्या मार्क ८ ना लांब टोकदार टोकं होती. नंतरच्या बहुतेकांना नेहमीची गोल. कुठलं विमान करताय ते ठरवल्याशिवाय कापू नका.

आता एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणारं पेन, आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा, वर कप असलेला. त्याच्याबद्दल तक्रार नाही. कॉम्प्रेसर मात्र मी स्वस्तातला, टाकी नसलेला घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हॉबीला हा चिक्कार झाला." टाकी नाही म्हणजे मोटर सतत चालू, हवेला ठोके, आणि अर्ध्या तासात नळी गरम. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, ती नळीत पुढे जाऊन गार झाली की पाणी सुटतं. एप्रिल-मेमध्ये यातलं काही जाणवलं नाही. प्रायमर झकास बसला, पंखांवरचे, ओळख पटवण्यासाठी असलेले पांढरे पट्टे झाले, ते झाकून वरचा हिरवा आणि मातकट रंगही झाला. (युद्धकाळातल्या कृष्णधवल फोटोंत मातकट आणि करडा जवळपास सारखेच दिसतात. मी मातकट धरला, कोणाला पटलं नाही तर त्याने करडा द्यावा.)

मग जून आला.

डीकल्सआधी चकाकीचा हात द्यायचा असतो, नाहीतर खरबरीत रंगावर डीकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते. तो लॅकरचा हात मी भर पावसात, खिडकी उघडी ठेवून मारला. पहिला अर्धा मिनिट छान, मग समोर बघता बघता डाव्या पंखावर दुधासारखी साय आली. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतला दमटपणा तिथेच जमतो. वर कॉम्प्रेसरने पाण्याचे दोन थेंब थुंकले ते वेगळेच. मी घाबरून त्यावर आणखी एक हात दिला. तो सगळ्यात मोठा गाढवपणा. शेवटी पंखावरचा रंग आयसोप्रोपिल आणि कापसाने उतरवला आणि त्याच्यासोबत प्रायमरही आला.

त्याच आठवड्यात कळलं की डीकल्स पिवळे पडलेत. डबा बराच काळ गोदामात पडलेला असावा. याच्यावर जुना सिद्ध उपाय आहे : कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला चिकटवायचा, काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. आता जुलैत डोंबिवलीत ऊन कुठून आणू? पिशवी खिडकीला ऑक्टोबरपर्यंत लटकत होती. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "विमानाचे कपडे वाळत घातलेत."

ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळं सुरळीत झालं. मधल्या काळात टाकीवाला कॉम्प्रेसर घेतला, नळीवर पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावला, दाब १५ ते १८ पीएसआयवर ठेवला. फरक एवढा की पहिल्या कॉम्प्रेसरचे पैसे सरळ पाण्यात गेले असंच म्हणावं लागेल. डीकल्स पांढरे झाले, मऊ करणाऱ्या द्रावणाखाली पत्र्याच्या रेषांत व्यवस्थित बसले. हवाई दलाची खूण असलेले, निळ्यातच निळा असलेले ते गोल मला फार आवडतात. मधला लाल ठिपका युद्धात खऱ्या विमानांवरूनच काढून टाकला होता, कारण जंगलावरच्या धावपळीत तो जपानी विमानाच्या लाल गोळ्यासारखा दिसून आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतील ही भीती होती.

दोन महिन्यांनंतरचा हिशेब असा. रंग जिथल्या तिथे आहे, डीकलची एकही कड उचललेली नाही. झाकणाच्या आत मात्र धूसर डाग आलाय. तो माझाच, कारण घाईत सुपरग्लू वापरला आणि त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. तिथे पांढरा पाण्यातला गोंदच हवा. चाकांचे पाय थोडे बाहेर झुकलेले असतात, त्यांचा कोन वाळेपर्यंत धरून ठेवला नाही म्हणून एक पाय केसभर आत आहे. समोरून बघितलं तरच कळतं, आणि आलेला प्रत्येक पाहुणा नेमका समोरूनच बघतो.

डाव्या पंखाखालची पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजायची) चार वेळा मोडली. दोनदा माझ्या बाहीने, एकदा पुतण्याने, आणि चौथ्या वेळी कोणाकडून ते कोणी कबूल केलं नाही. डब्यातली नळी प्लास्टिकची, काडीपेक्षा बारीक, ती टिकणारच नाही. आता तिथे आईच्या इन्सुलिनच्या कोऱ्या सुईचा तुकडा आहे, टोक घासून बोथट केलेला. प्लास्टिकच्या नळीपेक्षा जास्त खरा दिसतो.

पहिलंच मॉडेल करणाऱ्याने हे किट घेऊ नये, पंखाच्या मुळाशीच कंटाळा येईल. आधी १/७२ चं एखादं स्वस्त विमान करून हात बसवा. दोन-चार केलेल्याने जरूर घ्यावं, फक्त कोकणपट्टीत राहत असाल तर कॉकपिट आणि जोडणी पावसाळ्यात करा आणि रंगाला दसऱ्यानंतर बसा. माझा पुढचा डबा हरिकेनचा आहे. तो कपाटावर ठेवलाय, आणि यावेळी डीकल्सचा कागद तेवढा आत्ताच बाहेर काढून खिडकीला लावलाय.