बाळाच्या आईबाबांना कॅरिअर भेट द्यावं का? सात-आठ महिने वापरून लिहितेय

मुलगी झाली तेव्हा झबली-टोपडी इतकी आली की निम्म्यांची घडीही मोडली नाही. चांदीची वाटी आणि वाळे कपाटात गेले. अजून रोज वापरात आहे ती भेट एकच, नणंदेने दिलेलं बकलचं कापडी कॅरिअर, म्हणजे बाळाला छातीशी बांधून न्यायचं साधन. बारशाला काय न्यावं असं मला हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्हाला एक प्रॅमही मिळाली. ती सोसायटीच्या आवारात फिरते, गेटबाहेर नाही. आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या बाजूला फूटपाथ असला तरी त्यावर कुठे बाईक उभी, कुठे टपरी, कुठे गटाराचं झाकण वर आलेलं. जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात तर प्रॅमचं नावच नको. माझं माहेर नेरूळला. ठाणे स्टेशनचा पूल चढून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, खांद्याला लंगोट-दुपट्यांची पिशवी, आणि जिना उतरताना कठडा धरायला एक हात हवाच. बाळ छातीशी बांधलेलं असलं की हे जमतं. ठाण्यात राहणाऱ्यांना प्रॅम देण्याआधी त्यांच्या घराबाहेरचा रस्ता बघून यावं, एवढंच म्हणेन.

पण एक गोष्ट देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पहिल्या दिवसांत कॅरिअरचा काहीही उपयोग होत नाही. आमच्या कॅरिअरवर किमान साडेतीन किलो वजन लिहिलं आहे आणि आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोची बाळं सर्रास असतात. मी स्वतः सव्वा महिना घराबाहेर पडले नाही. त्या काळात खरा आधार होता तो शेजारच्या काकूंच्या डब्याचा. गरम वरणभात, मेथीची भाजी, कधी अळिवाची खीर. बाळ अगदी लहान असेल तर आधी डबा पोचवा आणि कॅरिअर दोन महिन्यांनी द्या. आहेर बारशालाच द्यायचा असा नियम कुणी केलाय?

वजन भरलं आणि कॅरिअरचे दिवस सुरू झाले. संध्याकाळची किरकिर सुरू झाली की नवरा तिला बांधून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतो आणि ती बहुतेक वेळा झोपते. दूध पाजणं माझ्याकडेच होतं, त्यामुळे बाबाच्या वाट्याला हक्काचं काही येत नव्हतं. ते या भेटीमुळे आलं.

सासूबाईंचा विरोध होता. "पाय फाकवून बसवलंय, पोर फेंगडी होईल." चौदा आठवड्यांच्या लशीच्या वेळी डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं की मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर हवेत. खुब्याच्या सांध्याला ही बैठक चांगली असते. पाय सरळ करून घट्ट गुंडाळणंच त्रासाचं. कापड अरुंद असून पाय खाली लोंबकळत असतील तर ते कॅरिअर घेऊ नका. बाळाचं तोंड आपल्याला कायम दिसलं पाहिजे, नाक छातीत दबता कामा नये, आणि हनुवटी नि छाती यांत दोन बोटं मावली पाहिजेत. कॅरिअर घालून गॅससमोर उभं राहायचं नाही. बाईकवर तर मुळीच बसायचं नाही, त्याला काही सीटबेल्टची ताकद नसते.

तक्रार उकाड्याची. आमचं कॅरिअर जाड, अस्तर भरलेलं. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये दोघंही घामाने चिंब, तिला घामोळं आलं ते वेगळंच. पावसाळ्यात धुतलं तर दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास राहतो. कोकणपट्टीत राहणाऱ्यांना द्यायचं तर जाळीचं किंवा पातळ सुती द्या, दिसायला साधं असलं तरी चालेल. दात येऊ लागल्यावर ती खांद्याचे पट्टे चघळते. त्यांना आईने जुन्या सुती साडीच्या खोळी शिवून दिल्या, त्या रोज बदलता येतात.

किंमत दीड-दोन हजारांपासून पुढे कितीही. चौघांनी मिळून घेतलं तर जड जात नाही. आईबाबांना आधी विचारा, दोघांच्या अंगाला बसतं का ते बघा आणि बदलून मिळेल अशी पावती सोबत ठेवा. सरप्राइजची हौस असेल तर दुपटी द्या, ती कधीच जास्त होत नाहीत. वॉकर मात्र कुणीही देऊ नये. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक गुण उकाड्याचा कापला. आता ती साडेआठ किलोची आहे. पुढे बांधली की अर्ध्या तासात माझी कंबर बोलू लागते आणि पाठीवर घ्यायला दुसरं माणूस लागतं. म्हणून सध्या कॅरिअर नवऱ्याच्याच अंगावर असतं आणि पट्टेही त्याच्याच मापाचे ठेवलेत.