सातवीचा टेक्सास हिस्टरी किट: आठ महिने वापरून झाल्यावर, आणि मुख्यतः त्या नकाशाबद्दल

नकाशा घडीवर फाटला तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं रागाच्या भरात नको, अजून वापरून बघू. किट ऑगस्टमध्ये घेतला, आता एप्रिल संपत आलाय, मुलाची सातवी महिन्याभरात संपेल, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. टेक्सासमध्ये ज्यांची मुलं शिकतात त्यांना माहितीच आहे की चौथीत एकदा आणि सातवीत परत टेक्सास हिस्टरी असते. दरवर्षी शाळा सुरू होताना सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो फिरतो, अर्ली स्टेटहुडवाला (टेक्सास राज्य झालं त्या सुरुवातीच्या काळावरचा), वर्कबुक, कार्डं आणि भिंतीवरचा मोठा नकाशा, तोच हा किट. ५४ डॉलर. सेलची वाट बघितली, लागला नाही, शेवटी पूर्ण किमतीत घेतला. हे मुद्दाम सांगतेय, कारण एवढे पैसे मोजल्यावर निदान नकाशा बरोबर असावा एवढी अपेक्षा असतेच.

आधी फाटण्याचं. नोव्हेंबरमध्ये घडीवरचं लॅमिनेशन सुटलं आणि चीर गेली ती न्यूएसेस आणि रिओ ग्रांडे या दोन नद्यांच्या मधून. टेक्सास म्हणायचं आमची हद्द रिओ ग्रांडेपर्यंत, मेक्सिको म्हणायचा न्यूएसेसपर्यंतच, आणि १८४६ चं अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं ते याच पट्ट्यात. म्हणजे मुलाला बोट ठेवून दाखवायची जागाच गेली. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की ३० दिवसांच्या आत कळवायला हवं होतं. अहो, ३० दिवसांत युनिट एक पण संपत नाही, नकाशा उघडायची वेळच ऑक्टोबरमध्ये येते!

पण फाटण्याचं एवढं नाही, सेलोटेप लावली असती. तो फाटका नकाशा जमिनीवर पसरून जोडत बसले होते तेव्हा नीट बघितला आणि मग जे दिसलं ते अजून डोक्यातून जात नाही. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय १८४५, म्हणजे टेक्सास अमेरिकेत आला तेव्हाचा, २८ वं राज्य, आणि खाली आकार काढलाय आजचा. पॅनहँडलसकट, म्हणजे वर उत्तरेला जो चौकोनी तुकडा आहे त्याच्यासकट, जसा गाडीच्या मागच्या स्टिकरवर असतो तसाच्या तसा. हा आकार १८४५ मध्ये नव्हताच हो.

टेक्सास मेक्सिकोपासून फुटून स्वतंत्र देश, म्हणजे रिपब्लिक झाला, आणि १८३६ मध्येच कायदा करून सांगून टाकलं होतं की रिओ ग्रांडेच्या मुखापासून उगमापर्यंत आणि तिथून सरळ उत्तरेला ४२ अक्षांशापर्यंत सगळं आमचं. म्हणजे आजचं निम्मं न्यू मेक्सिको, सांता फे धरून, शिवाय कोलोरॅडो, कॅन्सस, ओक्लाहोमाचे तुकडे आणि वर एक लांब निमुळती चिमणी, म्हणजे धुराड्यासारखी पट्टी, ती थेट वायोमिंगमध्ये घुसलेली. ताबा अर्थातच नव्हता, सांता फेवर टेक्सासचं राज्य एक दिवसही चाललं नाही, तिथल्या लोकांना ते नकोच होतं. पण दावा होता, आणि १८४८ मध्ये तर सांता फे काउंटी काढून मोकळे झाले. शेवटी १८५० च्या तडजोडीत टेक्सासने तो सगळा दावा सोडला आणि बदल्यात अमेरिकन सरकारने दिले एक कोटी डॉलर. तेव्हा कुठे आजचा आकार तयार झाला. म्हणजे या नकाशाने पाच वर्षांनंतरचं उत्तर आधीच छापून ठेवलंय, मग मुलं त्या युनिटमध्ये शिकणार काय?

माझं माहेर निपाणीचं. नकाशावरची एक रेघ घरात जेवताना किती वर्षं बोलली जाऊ शकते हे मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे कुणी म्हणालं की एवढं काय त्या रेघेचं, तर मला नाही पटत.

दुसरा मेल केला, यावेळी फाटण्याबद्दल नाही, चुकीबद्दल. मुद्देसूद लिहिला, तारखांसकट. उत्तर आलं की मिडल स्कूलसाठी सोपं करून दाखवलंय. सोपं करणं म्हणजे चुकीचं छापणं नाही. बारा वर्षांच्या मुलाला चिमणीवाला नकाशा उलट जास्त आवडतो, आमच्याकडे तर त्याने पाच मिनिटं नुसतं विचारलं की मग ही चिमणी गेली कुठे.

आता इथे मला माझं मत थोडं बदलावं लागलं. डिसेंबरपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते घेऊ नका, पैसे पाण्यात. मग सुट्टीत कार्डं काढली आणि खरं सांगते, कार्डं छान आहेत. जाड कागद, कोपरे अजून एकही दुमडलेला नाही. १८५० चं कार्ड तर नकाशा छापणाऱ्याने वाचलंच नसावं असं आहे, इतकं चांगलं! त्यात त्या एक कोटीचं पुढे काय झालं ते दिलंय. अमेरिकेत येताना टेक्सासने आपली सरकारी जमीन स्वतःकडे ठेवली, पण रिपब्लिक असतानाचं कर्जही स्वतःच्याच डोक्यावर ठेवलं, म्हणून एक कोटीतले निम्मे वॉशिंग्टनने, म्हणजे अमेरिकन सरकारने, ज्यांचं कर्ज फेडायचं होतं त्यांच्यासाठी अडवून धरले आणि निम्मे बाँडच्या रूपात टेक्सासला दिले. आणि त्यातले २० लाख १८५४ मध्ये गव्हर्नर पीझच्या काळात शाळांच्या फंडात घातले. तो फंड अजून चालू आहे, आजही त्यातून इथल्या पब्लिक शाळांना पैसे जातात. मुलगा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "आई, म्हणजे सांता फे सोडलं त्याचे पैसे आमच्या शाळेत?" मला घरखर्चाचा हिशोब ठेवायची सवय आहे, पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे असं दाखवलेलं मला फार आवडलं. अख्ख्या वर्कबुकमधून त्याला जे कळलं नाही ते या एका कार्डाने कळलं.

आणि रेल्वेचं कार्ड. आम्ही ह्यूस्टनच्या या बाजूला राहतो, स्टॅफर्डमधून रोजचं जाणं-येणं. तिथल्या फाटकावर मालगाडी आली की पंधरा मिनिटं गेलीच समजा. जानेवारीत असेच अडकलो होतो, मागे किराणा, दूध, मी वैतागलेली, आणि हा मागच्या सीटवरून सांगतोय की टेक्सासमधली पहिली रेल्वे हीच, १८५३, हॅरिसबर्ग ते स्टॅफर्ड्स पॉइंट, २० मैल. मी इतकी वर्षं त्या फाटकावर गाडी बंद करून बसतेय, मला माहीत नव्हतं. कार्डाच्या मागे हेही आहे की १८५४ च्या कायद्याने रुळाच्या प्रत्येक मैलाला १६ सेक्शन जमीन रेल्वे कंपनीला मिळायची, एक सेक्शन ६४० एकर, त्याने तिथल्या तिथे गुणाकार केला, १०,२४० एकर. मैलाला! जमीन स्वतःकडे ठेवल्यामुळेच हे वाटता आलं, हेही त्याचं त्यालाच सुचलं.

उंटांचं कार्ड मुलांना आवडतंच, १८५६ मध्ये इंडियानोला बंदरात उतरलेले ३४ उंट, त्याबद्दल जास्त सांगत नाही. किल्ल्यांचं ठीक. फोर्ट वर्थ हे १८४९ मध्ये सरहद्दीवरचं लष्करी ठाणं म्हणून सुरू झालं आणि चारच वर्षांत सैन्य तिथून हललं, हे ऐकून डॅलसकडची आमची मंडळी चकित झाली.

आता एक गंभीर तक्रार, नकाशाइतकीच महत्त्वाची आणि खरं तर नकाशाशीच जोडलेली. कापसाचं कार्ड वेगळं आणि गुलामगिरीचं वेगळं, मध्ये अकरा कार्डं. कापसाच्या कार्डावर शेत, गासड्या, बंदर, सगळं आहे, फक्त वेचणारे हात कुणाचे ते नाही. १८५० च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या २,१२,५९२, त्यात गुलाम ५८,१६१. दहा वर्षांत राज्य झालं ६,०४,२१५ चं आणि गुलाम झाले १,८२,५६६, म्हणजे दहातली तीन माणसं. लोकसंख्या तिपटीच्या आत वाढली आणि गुलामांची संख्या तिपटीच्याही वर गेली, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की मुलं स्वतःच विचारतात असं का. आम्ही ज्या भागात राहतो, शुगर लँड वगैरे, तिथली उसाची आणि कापसाची शेतं याच लोकांनी कसली. आणि पॅनहँडलचा माथा सरळ पट्टीने आखल्यासारखा का आहे? कारण ती रेघ ३६ अंश ३० मिनिटांवर आहे आणि तिच्या वर गुलामगिरीला परवानगी नव्हती, टेक्सासला गुलाम ठेवायचे होते म्हणून हद्द तिथे थांबली. मुलाच्या टी-शर्टवर जो आकार आहे त्याचा वरचा काठ म्हणजे ही रेघ. हे किटमध्ये कुठेच नाही. नकाशा बरोबर असता तर सांगायला जागा मिळाली असती, म्हणून मी त्या नकाशाचा एवढा हट्ट धरतेय.

फेब्रुवारीत तिसऱ्या मेलनंतर कंपनीने नवा नकाशा फुकट पाठवला. पोस्टेजही घेतलं नाही, त्याचे आभार. लॅमिनेशन या वेळचं जाड आहे, दोन महिने झाले, घडी टिकली आहे. रेघ मात्र तीच.

मग आम्ही घरीच केलं. बटर पेपरचा मोठा तुकडा नकाशावर ठेवला, रिओ ग्रांडे लाल पेन्सिलीने उगमापर्यंत ओढली, तिथून पट्टीने ४२ अक्षांशापर्यंत वर, आणि चिमणी हलकी रंगवली. चिमणी नकाशाच्या कागदाबाहेर गेली, म्हणून वर अजून एक कागद जोडावा लागला. वरची कड सेलोटेपने चिकटवली, म्हणजे बटर पेपर खाली सोडला की १८४५ आणि वर उचलला की १८५०. खर्च शून्य, घरात सगळं होतं. मुलाने शाळेत नेला, टीचरनी आठवडाभर वर्गात लावून ठेवला.

तर घ्यायचा असेल तर, कार्डांसाठी घ्या, शक्यतो कुणाचा तरी वापरलेला, २०-२५ डॉलरच्या वर देऊ नका. वर्कबुक नसलं तरी चालेल. आमचा मे अखेर मोकळा होईल, कुणाला हवा असेल तर मेसेज करा, बटर पेपरसकट देईन, फक्त वरची सेलोटेप एकदा बदलून घ्यावी लागेल.