टु बी ऑर नॉट टु बी (१९४२): अर्धं घर हसलं, आत्या उठून गेली

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं, म्हणजे मी, बाबा, आत्या आणि भाचा, काय बघायचं यावरून नेहमीसारखं पाऊण तास भांडलो आणि शेवटी रिमोट माझ्या हातात होता म्हणून मी हा लावला. ब्लॅक अँड व्हाइट दिसल्या दिसल्या भाच्याने "मावशी, हे काय गं" म्हणून तोंड वाकडं केलं, त्याला म्हटलं फक्त ९९ मिनिटांचा आहे, गप बस. पिक्चर संपला तेव्हा बाबा चष्मा काढून डोळे पुसत होते (हसून), भाच्याचा फोन कधीच उलटा पडला होता आणि आत्या मधेच उठून आत गेली ती परत आलीच नाही. १९४२ साली पण या पिक्चरचं साधारण असंच झालं होतं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

नाव ऐकून गंभीर काहीतरी असेल असं वाटतं. हॅम्लेटचं स्वगत, "जगावं की मरावं", आपल्याला ते बेलवलकरांमुळे पाठ, त्यामुळे बाबा पण जरा सावरून बसले होते. पण हा चक्क फार्स आहे. १९३९ चा ऑगस्ट, वॉर्सातली एक नाटक कंपनी, जर्मन फौजा येऊन ठेपल्यात आणि इथे मंडळींची भांडणं चाललीयत कोणाचं काम जास्त आणि कोणाला टाळी मिळते यावर. कंपनीचा मोठा नट जोसेफ तुरा (जॅक बेनी), स्वतःला महान समजणारा, आणि त्याची बायको मारिया (कॅरोल लोम्बार्ड), जिला बघायला खरी गर्दी होते. मारियाची तक्रार काय, तर मी गोष्ट सांगायला घेतली की शेवट तू करतोस, मी डाएट केलं की बारीक तू होतोस. रोज तो रंगमंचावर येतो, मोठ्ठा पॉज घेतो, इतका मोठा की प्रॉम्प्टरला वाटतं हा वाक्य विसरला आणि तो खालून "टु बी ऑर नॉट टु बी" कुजबुजतो, तुरा त्याच्याकडे जळजळीत बघतो, स्वगत सुरू करतो आणि नेमका तेव्हाच प्रेक्षकांतून एक तरुण वैमानिक उठून लोकांचे पाय तुडवत बाहेर जातो. तो जातो मारियाच्या मेकअप रूममध्ये, कारण तेवढा वेळ नवरा नक्की स्टेजवर असणार! तुराला बायकोचा संशय वगैरे काही येत नाही, त्याला एकच दुःख, माझ्या स्वगतातून माणूस उठून गेला. मारिया त्याची समजूत काढते की अरे त्याला बरं वाटत नसेल, हार्ट अटॅक आला असेल, कदाचित गेला पण असेल बिचारा, आणि याला ते ऐकून खरंच बरं वाटतं. बाबांनी तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलीत, ते इथे जे हसायला लागले ते थांबेचनात. "सगळे असेच असतात गं, सगळे" म्हणाले.

सुरुवातीचा एक प्रसंग तर सांगायलाच हवा. वॉर्साच्या रस्त्यावर भर दिवसा हिटलर एकटा उभा राहून दुकानाची काच न्याहाळतोय, लोक जागच्या जागी थिजलेत. मग मागे जाऊन कळतं की हा ब्रॉन्स्की नावाचा कंपनीतला किरकोळ नट आहे, गेस्टापोवरच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांवरच्या नाटकाची तालीम चाललीय, त्यात सगळे "हाइल हिटलर" म्हणत असताना हा आत येऊन "हाइल मायसेल्फ" म्हणतो आणि दिग्दर्शक खवळतो की हे संहितेत नाही. वर म्हणतो तू हिटलर वाटतच नाहीस, नुसता मिशीवाला माणूस वाटतोस. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवतो, हा बघ, हिटलर असा दिसतो! तर तो फोटो पण ब्रॉन्स्कीचाच निघतो. चिडून ब्रॉन्स्की त्याच वेषात रस्त्यावर उतरतो, लोक बघा कसे घाबरतात म्हणून. सगळे घाबरतातही. तेवढ्यात गर्दीतून एक लहान मुलगी पुढे येते आणि म्हणते, मिस्टर ब्रॉन्स्की, तुमची सही मिळेल का? त्या क्षणी त्याचा चेहरा बघा, हिटलर पुरता उतरतो आणि आत किरकोळ नट उरतो, तोही जरासा खूष झालेला, कारण कोणीतरी ओळखलं ना.

आणि ग्रीनबर्ग (फेलिक्स ब्रेसार्ट). याचं काम म्हणजे हॅम्लेटमध्ये भाला घेऊन उभं राहायचं, आपल्याकडे भालदार-चोपदार असतात तसं. आयुष्यभराची एकच इच्छा, एकदा शायलॉकचं, म्हणजे शेक्सपिअरच्या "मर्चंट ऑफ व्हेनिस"मधल्या ज्यू सावकाराचं भाषण करायला मिळावं, आम्हाला टोचलंत तर रक्त येत नाही का, ते. पिक्चरमध्ये तो ते तीनदा म्हणतो. पहिल्यांदा विंगेत, हसू येतं. दुसऱ्यांदा उद्ध्वस्त शहरात, बर्फात, फावडं हातात, तेव्हा हसू येत नाही. तिसऱ्यांदा कुठे आणि कोणासमोर ते मी सांगणार नाही, पण मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि हा कॉमेडी पिक्चर आहे हे लक्षात ठेवा. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच स्वतः बर्लिनच्या ज्यू शिंप्याचा मुलगा, मॅक्स राइनहार्ट या बड्या नाट्यदिग्दर्शकाच्या कंपनीत लहानसहान कामं करत वर आलेला, १९२२ मध्ये हॉलिवूडला गेला, पुढे नाझींनी त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. भालदाराच्या मनात काय चालतं हे त्याला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता आत्या का उठली. एरहार्ट नावाचा गेस्टापोचा कर्नल आहे (सिग रुमन), त्याला "कॉन्सन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट" म्हणतात आणि त्याला ते ऐकून गुदगुल्या होतात. कॉन्सन्ट्रेशन आमचं आणि कॅम्पिंग पोलिश लोकांचं, असा विनोद पण मारतो. आत्या म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे? माणसं मारली तिथे." आणि गेली. थोड्या वेळाने ते गाजलेलं वाक्य आलं, तुराबद्दल एरहार्ट म्हणतो की त्याने शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. बाबा हसले आणि हसता हसता मधेच थांबले, मी बघितलं.

याच वाक्यावरून तेव्हाही रान उठलं होतं. शूटिंग चालू झालं तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, चालू असतानाच ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, आणि पिक्चर लागेपर्यंत लोकांची मनःस्थितीच पार बदललेली. त्यात १६ जानेवारी १९४२ ला लोम्बार्ड विमान अपघातात गेली, युद्धासाठीचे बाँड विकायला गेली होती, तिथून परतताना, वय ३३. पिक्चरमध्ये तिच्या तोंडी एक वाक्य होतं की विमानात काय होणार आहे, ते काढून टाकावं लागलं. म्हणजे विचार करा, जिच्या मरणाची बातमी महिना-दोन महिन्यांपूर्वी पेपरात वाचली ती समोर पडद्यावर हसतेय, आणि विनोद बॉम्ब पडलेल्या वॉर्सातले. समीक्षकांनी झोडपलं, अभिरुचीहीन म्हटलं. जवळच्या लोकांनी लुबिचला ते पोलंडचं वाक्य काप म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं नाही, उलट पेपरात उत्तर लिहिलं की मी पोलिश लोकांना नाही तर नाझींना आणि कसल्याही संकटात नटच राहणाऱ्या नटांना हसतोय. स्वतः जॅक बेनीचे वडील, मुलाला नाझी गणवेशात बघून थिएटरमधून उठून गेले होते! बेनीने समजूत घालून त्यांना परत नेलं तेव्हा इतका आवडला की मग त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. ऑस्करला नामांकन एकच, संगीताचं.

मला विचाराल तर उठून जाणारे मूर्ख नव्हते, आत्या पण नाही. दोन वर्षं आधी, १९४० मध्ये, चॅप्लिनने हिटलरवर पिक्चर काढला तो चालला, पण त्याच चॅप्लिनने पुढे लिहिलं की छळछावण्यांतलं खरं माहीत असतं तर मी तो काढू शकलो नसतो. आपल्याला ते माहीत आहे, त्यामुळे एरहार्टचा कॅम्पिंगवाला विनोद आज १९४२ पेक्षा जास्त टोचतो, कमी नाही. फक्त एक बघा, ते विनोद मारतं कोण? तो राक्षस नाहीये, तो साहेबाला घाबरणारा, स्वतःची प्रत्येक चूक "शुल्ट्झ!" म्हणून हाताखालच्यावर ढकलणारा ऑफिसातला माणूस आहे, आणि असा माणूस सह्या करून लोकांना मारतो आणि वर स्वतःच्या कोटीवर खूष होतो हे मला तरी हात उंचावून किंचाळणाऱ्या व्हिलनपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. आधी तुरा एरहार्टचं सोंग घेतो तेव्हा बोलायला काही सुचत नाही म्हणून "मग मला कॉन्सन्ट्रेशन कॅम्प एरहार्ट म्हणतात तर" हेच वाक्य घोळवत बसतो, आपण म्हणतो काय भंगार ॲक्टिंग, आणि नंतर खरा एरहार्ट येतो आणि अगदी तेच वाक्य तसंच म्हणतो.

सगळ्यात भारी सीन दाढीचा. सिलेत्स्की नावाच्या नाझींच्या हेराचं सोंग घेऊन तुरा गेस्टापोत जातो, तर तोवर खऱ्या सिलेत्स्कीचं प्रेत गेस्टापोला सापडलेलं असतं. एरहार्ट तुराला त्या प्रेताबरोबर एका खोलीत सोडतो, बघू या कसा घामाघूम होतो. खुर्चीत बसवलेलं दाढीवालं प्रेत, समोर दाढीवाला तुरा. याच्या खिशात एक जास्तीची खोटी दाढी असते, आणि शेजारी बाथरूम. पुढचं तुम्हीच बघा. भाचा इथे "नाही नाही नाही" करत सोफ्यावरून पुढे सरकला होता. आणि सगळं सुरळीत पार पडल्यावर कंपनीतलेच लोक नाझी अधिकाऱ्यांच्या वेषात त्याला सोडवायला येऊन सगळ्यावर पाणी ओततात, तेव्हा तर बाबांना ठसकाच लागला.

उणीदुणी आहेत. लंडनचा भाग आणि सिलेत्स्की वॉर्साला येईपर्यंतचा मधला भाग सरळ हेरगिरीचा पिक्चर होऊन बसतो, तिथे भाचा दोनदा फोनकडे वळला. तो वैमानिक (रॉबर्ट स्टॅक) देखणा आहे आणि तेवढंच आहे. दुसऱ्या अर्ध्यात लोम्बार्डला फारसं काही करायला ठेवलेलं नाही याचा मला राग आला, कारण ती फ्रेममध्ये असते तेव्हा बेनीचा तुरासुद्धा पाहुणा वाटतो. संवाद भरभर आहेत, सबटायटल चालू ठेवा नाहीतर अर्ध्या कोट्या निसटतील. १९८३ चा मेल ब्रुक्सचा रिमेक पण आहे, ठीक आहे, पण आधी हा बघा. पहिली वीस मिनिटं कोण कोणाचं सोंग करतंय कळत नाही, घाबरू नका, नंतर लागतं.

काल चहा घेताना आत्या अचानक म्हणाली, "तो भाला घेऊन उभा राहणारा होता ना गं, त्याला शेवटी मिळालं का ते भाषण करायला?"

म्हटलं, मिळालं.

"मग लाव आज रात्री. ते कॅम्पवालं आलं की पुढे ढकल फक्त."