लपवण्याचा हक्क: चार नव्या थरारक कादंबऱ्या

हल्ली थरारक कादंबरीच्या मलपृष्ठावर शेवटच्या कलाटणीची जाहिरात असतेच, आणि तिचा तोटा असा की वाचक पहिल्या पानापासून कथा वाचण्याऐवजी लेखकावरच पाळत ठेवू लागतो. कोण खोटे बोलत आहे, कोणते प्रकरण मुद्दाम अर्ध्यावर तोडले आहे, याचाच हिशेब डोक्यात चालू राहतो. २०२४ आणि २०२५ मध्ये आलेल्या चार इंग्रजी कादंबऱ्या लागोपाठ वाचताना मी त्यांना एकाच कसोटीवर घासून पाहिले: लेखकाने वाचकापासून जे लपवले, ते लपवण्याचा त्याला हक्क होता का? रहस्यकथेत काही तरी झाकून ठेवावे लागते, हे उघडच आहे. परंतु ते पात्राला ठाऊक नसल्यामुळे झाकलेले राहते, की पात्राला ठाऊक असूनही लेखक त्याच्या तोंडावर हात ठेवतो, यावर माझ्या लेखी पुस्तकाची किंमत ठरते. (पुढे एकाही पुस्तकाचा शेवट सांगितलेला नाही.)

डॅन ब्राउन यांची ‘द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स’ सप्टेंबर २०२५ मध्ये आली, म्हणजे रॉबर्ट लँग्डनच्या आधीच्या कादंबरीनंतर आठ वर्षांनी. चिन्हांचा अभ्यासक असलेला हा प्राध्यापक या वेळी प्रागमध्ये आहे. माणसाची जाणीव मेंदूपुरती मर्यादित नसते, असे मानणारी शास्त्रज्ञ कॅथरीन सॉलोमन तेथे व्याख्यान देते, तिच्या अप्रकाशित पुस्तकाचे हस्तलिखित नष्ट करण्यासाठी कोणी तरी टपलेले असते आणि ती स्वतः नाहीशी होते. आरंभ झकास आहे. कॅथरीनच्या स्वप्नातली स्त्री पहाटे चार्ल्स पुलावर लँग्डनसमोरून प्रत्यक्ष चालत जाते, तेव्हा एरवी तर्काचे बोट न सोडणारा हा माणूस भेदरून हॉटेलातील आगीचा इशारा वाजवतो आणि खिडकीतून थेट नदीत उडी मारतो. इतका हास्यास्पद आणि तरीही पटणारा लँग्डन मी पूर्वी पाहिलेला नव्हता. मातीच्या पुतळ्यात जीव येतो, अशी प्रागच्या ज्यू परंपरेतली गोलेमची दंतकथा आहे; तिचा वापरही नुसत्या सजावटीसाठी झालेला नाही. गोलेमच्या मुखवट्याआड वावरणाऱ्या व्यक्तीला स्वतःची वेदना आहे.

पुढे मात्र शंभराहून अधिक आखूड प्रकरणांची ती जुनी चाल सुरू होते. हस्तलिखितात काय आहे, हे कॅथरीनला ठाऊक असते आणि लँग्डन जिवावर उदार होऊन तेच वाचवू पाहत असतो, तरीही सांगायची वेळ आली की कुठला ना कुठला व्यत्यय येतो आणि प्रकरण संपते. दोन समंजस, परस्परांवर प्रेम करणारी माणसे इतका वेळ एवढी महत्त्वाची गोष्ट बोलत नाहीत, याला पात्रांच्या स्वभावात काहीही कारण नाही. कारण फक्त लेखकाच्या सोयीचे आहे. सातशे पानांच्या आसपास जाणाऱ्या या पुस्तकातून अशा टाळाटाळीची दीडशे पाने सहज कमी करता आली असती, आणि प्रवासी मार्गदर्शिकेतून उचलल्यासारखी वाटणारी वास्तूंची वर्णने वगळली असती तर आणखी पन्नास.

अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांच्या ‘द फ्युरी’ (२०२४) मध्ये लपवाछपवी आहेच, पण ती निवेदकाने आधीच कबूल केलेली आहे. चित्रपटसृष्टीतून निवृत्त झालेली अभिनेत्री लाना फॅरर ईस्टरच्या सुटीत आपल्या खासगी ग्रीक बेटावर मोजक्या माणसांना घेऊन जाते, वादळी वाऱ्यामुळे बेटाचा संपर्क तुटतो आणि खून होतो. हे सारे सांगणारा एलियट चेस हा तिचा नाटककार मित्र वाचकाला मद्यालयात शेजारी बसवून घेतल्याप्रमाणे गप्पा मारतो, मध्येच थांबतो, मागे जातो आणि आपण काही गोष्टी वगळल्याचे निर्लज्जपणे मान्य करतो. निवेदक लबाड आहे हे उघड असल्यामुळे फसवणुकीची तक्रार करता येत नाही, आणि पाच अंकांची नाटकी बांधणीही त्याच्या स्वभावाला शोभते. अडचण वेगळीच आहे. तिसऱ्यांदा पडदा बाजूला होतो तोवर बेटावरील कोणाचेही काहीही झाले तरी आपल्याला फारसे वाटेनासे होते, कारण एलियटखेरीज इतर सर्व माणसे त्याच्या गोष्टीतली प्यादी बनून राहतात. एका बैठकीत वाचून होते. पुन्हा उघडण्याची इच्छा मला झाली नाही.

लिझ मूर यांची ‘द गॉड ऑफ द वुड्स’ (२०२४) चारांपैकी बाकीच्या तिन्ही पुस्तकांच्या कितीतरी पुढे आहे. ऑगस्ट १९७५. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतराजीत मुलांचे उन्हाळी शिबिर भरले आहे, आणि एका सकाळी तेरा वर्षांच्या बार्बरा व्हॅन लारची खाट रिकामी दिसते. ज्या धनाढ्य कुटुंबाच्या मालकीचे ते शिबिर, त्याच कुटुंबातली ती मुलगी; आणि १९६१ साली तिचा भाऊ बेअर याच जंगलातून नाहीसा झालेला असतो, तो पुन्हा मिळालेला नसतो. कथा १९५०च्या दशकापासून १९७५ पर्यंत पुढेमागे फिरते आणि प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या बाजूने उलगडते. इतक्या उड्या असूनही वाचक हरवत नाही, कारण कोण बोलत आहे आणि काळ कोणता, हे प्रकरणाच्या माथ्यावरच स्पष्ट लिहिलेले असते.

माझ्या कसोटीला हे पुस्तक ज्या रीतीने उतरते, ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. येथे प्रत्येकाला सत्याचा तुकडाच ठाऊक आहे, आणि तेवढाच का ठाऊक आहे याचे उत्तर त्या व्यक्तीच्या सामाजिक जागेत सापडते. शिबिरात मुलींची देखरेख करणारी लुईझ त्या रात्री आपण कोठे होतो हे सांगत नाही, कारण नोकरी गेली तर तिला मागे आधार नाही. बेअर आणि बार्बरा यांची आई अ‍ॅलिस हिला काही सांगण्याजोगी व्यक्ती कोणी मानतच नाही; लग्न झाल्यापासून तिने घरात शोभेपुरते राहावे अशी अपेक्षा आहे, आणि औषधांनी व मद्याने धूसर झालेल्या तिच्या आठवणींत वाचकालाच चाचपडावे लागते. गावातल्या लोकांना पुष्कळ काही दिसलेले असते, पण पोलीस आधी ‘मोठ्या घरा’ची जबानी घेतात. त्या घराचे नाव ‘सेल्फ रिलायन्स’ असावे आणि त्याचा सारा संसार मात्र नोकरमाणसांच्या राबण्यावर चालावा, हा उपरोध लेखिका एकदाही मोठ्या आवाजात सांगत नाही.

या सर्वांतून वाट काढणारी तपास अधिकारी ज्युडी लपटॅक ही मला या वर्षांत भेटलेली सर्वांत जिवंत तपासनीस आहे. राज्य पोलिसांतील अगदी पहिल्या स्त्री तपासनीसांपैकी ती एक. वय विशीतले, राहणे आईवडिलांच्या घरी. तिच्याजवळ अलौकिक बुद्धी नाही. वरिष्ठ ज्यांना मोजत नाहीत अशा माणसांशी ती नीट बोलते, आणि त्यांनी सांगितलेले विसरत नाही. पहिल्या मुलाच्या वेळी गावातल्या एका साध्या माणसावर ठपका ठेवून प्रकरण सोयीस्कररीत्या मिटवले गेले होते, हे पूर्वार्धातच कळते; त्या माणसाच्या विधवेचे प्रसंग पुस्तकात थोडे आहेत, पण तेच सर्वांत जास्त सलतात.

दोष नाहीत असे नाही. तुरुंगातून निसटलेला खुनी नेमका त्याच सुमारास त्याच परिसरात यावा, हा योगायोग वाचकाचे लक्ष भलतीकडे वळवण्यासाठी आणलेला आहे आणि तसाच दिसतो. बार्बराच्या कोड्याचे उत्तर भावनेच्या पातळीवर सुंदर असले तरी व्यवहारात ते कितपत टिकेल, अशी शंका मला आहे. बेअरच्या बाबतीतले उत्तर मात्र इतके साधे आणि इतके भयंकर आहे की मी मागे जाऊन अ‍ॅलिसची प्रकरणे पुन्हा वाचली, आणि जे तिथे उघड लिहिलेले होते ते पहिल्या वाचनात मला दिसले नव्हते.

अँथनी हॉरोविट्झ यांच्या ‘क्लोज टू डेथ’ (२०२४) बद्दल थोडक्यात. लंडनच्या रिचमंड भागातील फाटकबंद वसाहतीत नकोसा झालेला एक श्रीमंत शेजारी धनुष्ययंत्राच्या बाणाने मारला जातो, आणि बहुतेक प्रत्येक घराकडे त्याला मारण्याचे कारण असते. लेखक स्वतःच पात्र असलेल्या या मालिकेचा गंमतीचा भाग असा की तपासनीस हॉथॉर्न जुन्या प्रकरणाची माहिती त्याला हप्त्याहप्त्याने देतो, त्यामुळे उत्तरासाठी आपण जितके तिष्ठतो तितकाच तोही तिष्ठतो. लपवण्याचे कारण कथेच्या आतच तयार झालेले आहे. धागेदोरे प्रामाणिकपणे समोर ठेवलेले आहेत. मध्यंतरी चौकशा थोड्या रेंगाळतात. हे मालिकेतील पाचवे पुस्तक असले तरी आधीची चार वाचलेली नसल्यास रहस्य समजण्यात अडचण येत नाही. हॉथॉर्न आणि लेखक यांच्यातील जुनी कुरबूर तेवढी अर्धवट कळेल.