कोथरूडहून मंडईला: महापालिकेला उतरून चालावं की खालच्या मेट्रोनं जावं?

पुण्यात कोथरूडहून, म्हणजे वनाजच्या बाजूनं, मंडईत किंवा तुळशीबागेत जायचं तर मेट्रोत बसल्या बसल्या एक गोष्ट ठरवावी लागते. महापालिका स्टेशनला उतरून चालत सुटायचं, की पुढच्या जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून भुयारातून मंडई गाठायची? (पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्यांनी जागेवरून हलूच नये. स्वारगेटची गाडी त्यांना थेट मंडईत उतरवते.)

सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हा मला वाटलं, सुटलो, आता तंगडतोड संपली. मधे एकटं कसबा पेठ, की लगेच मंडई. गाडी मुठेच्या खालून जाते, वरच्या हॉर्नचा आवाजही कानावर येत नाही. पण वेळ गाडीत जातच नाही, जिन्यांवर जातो. वनाजची गाडी पुलावर थांबते आणि स्वारगेटची जमिनीखाली जवळपास 33 मीटरवर. दहा मजली इमारत उतरावी तसा एक सरकता जिना संपला की दुसरा, मग गाडीची वाट, आणि मंडईत पुन्हा वर. हे सगळं धरून मला वीसेक मिनिटं लागतात. महापालिकेपासून चालत गेले तर पंचवीस. फरक एवढाच.

चालायची वाट सोपी आहे. नवा पूल ओलांडायचा (1923 चा आहे, पण आमच्या घरात अजून नवाच), समोर शनिवारवाडा, मग लाल महाल आणि शिवाजी रस्त्यानं सरळ दगडूशेठवरून मंडई. पुलावर वारा लागतो, तिथवर चालणं सुखाचं. लाल महालाच्या पुढे मात्र जीव मुठीत धरावा लागतो. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, पुढे हारवाल्यांच्या टोपल्या, म्हणून रस्त्यावर उतरावं तर पाठीशी बस. गेल्या वर्षी एका उखडलेल्या ब्लॉकवर आईचा पाय मुरगळला आणि ती तीन आठवडे घरात बसून होती. चालणाऱ्याला एवढी सरळ वाट मिळू नये, याचा मला मनापासून राग येतो. 11 डिसेंबरला, पादचारी दिनाला, लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा गाड्यांना बंद असतो. तेव्हा आईनं भर रस्त्यात उभं राहून दुकानांच्या पाट्या वाचल्या होत्या, एकेक, सावकाश. रोज असं चालता आलं तर मी जिना उतरणारच नाही.

तोवर माझा सल्ला असा. एकटे असाल, हात मोकळे असतील आणि सकाळची वेळ असेल तर चाला. शनिवारवाडा, कसबा गणपती किंवा फडके हौदापर्यंतच जायचं असेल तर एका स्टेशनासाठी एवढं खाली उतरू नका. पाऊस असेल, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर विचार न करता मेट्रो. स्वारगेटला जायचं असेल तरीही मेट्रोच.

आणि येताना, कितीही चालायची हौस असली, तरी मेट्रोनंच या. 1886 पासूनच्या त्या अष्टकोनी मंडईतून रिकाम्या पिशवीनं कोण बाहेर पडतं? वांगी, कणसं, वर मेथीची जुडी, दोन्ही हातांना वळ उठलेले. अशा वेळी सरकत्या जिन्याच्या नादी लागू नका. पिशवी पायरीवर टेकवली की वर पोचल्यावर उचलायची घाई होते आणि मागचा माणूस अंगावर येतो. लिफ्ट शोधा. न्यायालयाला गाडी बदलतानाही लिफ्टच धरा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल.