वाळूजला परदेशातून माणूस आणायचाय? अदालत रोडच्या या व्हिसा सल्लागाराच्या ऑफिसात जा (चार तारे)

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका मोल्डिंगच्या कंपनीत मी अकाउंट्स बघते आणि एचआरही मीच. साठ माणसांसाठी वेगळा एचआर कोण ठेवतो? 2023 च्या दिवाळीनंतर आमच्या साहेबांनी कोरियाचा एक मोल्ड डिझायनर नोकरीवर घ्यायचं ठरवलं आणि फाईल माझ्या टेबलावर आली.

आधी दुसऱ्या एका एजंटला फोन केला होता. तो म्हणाला, बिझनेस व्हिसावर बोलवून घ्या, मग इथंच बदलून देतो. ॲडव्हान्स भरायच्या आधी इथं आले ते बरं झालं. जिना अरुंद, खुर्च्या दोनच, चहा मात्र न विचारता येतो. इथल्या सल्लागार सरांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, बिझनेस व्हिसाचा एम्प्लॉयमेंट व्हिसा इथं होत नाही. माणसाला परत सोलला जावं लागेल. तिकीट काय तो एजंट काढणार?"

मग पगार विचारला. साहेबांच्या डोक्यात बारा लाख. सर म्हणाले, वर्षाला 16.25 लाखांच्या वर पाहिजे. सूट आहे ती त्यांच्या देशाच्या पद्धतीचं जेवण बनवणारा आचारी, दुभाषा अशा मोजक्यांना. "मग दुभाषा दाखवा की!" साहेब म्हणाले. सर हसले नाहीत. "कागदावर दुभाषा आणि कॉम्प्युटरवर डिझायनर, असलं काम मी घेत नाही." साहेब गाडीत बसेपर्यंत गप्प. दोन दिवसांनी आकडा वाढला. आमच्या जुन्या प्रॉडक्शन मॅनेजरला तो अजून माहीत नाही, आणि हे वाचून कळलाच तर मी काही बोलले नाही.

असा माणूस इथं का मिळत नाही, याचं पत्र कंपनीनं द्यावं लागतं. ते सरांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं. 'अत्यंत कुशल व अनुभवी' लिहिलं की लाल रेघ. कुठला मोल्ड, किती कॅव्हिटी, कुठल्या सॉफ्टवेअरवर, ते लिहा म्हणे. नेमणूक पत्र, करार आणि हे पत्र जोडून त्या डिझायनरनं तिकडं कोरियातच अर्ज केला. इथं उतरल्यावर 14 दिवसांत ई-एफआरआरओवर (परदेशी माणसांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर) नोंदणी, तीही सरांनी शेजारी बसून करून घेतली.

तारा कापला तो फॉर्म सीसाठी. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं 24 तासांत कळवायचं असतं, हे सांगायचं सर विसरले. सिडकोतल्या काकूंनी खोली दिली, पहिल्याच रात्री पिठलं-भाकरी दिली, पण फॉर्मचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. रविवारी त्यांच्या नातवाला लॅपटॉपसमोर बसवून भरला. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आला, कधी जाणार... काकू मागून म्हणत होत्या, "एवढं तर आम्ही जावयाला पण नाही विचारलं."

फी पहिल्याच दिवशी सांगितली तेवढीच घेतली. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत.