भुईनीमच्या अर्काची हिवतापविरोधी चाचणी: एका खासगी प्रयोगशाळेचा अनुभव

धानोरा तालुक्यातील आमच्या गावी तापावर वैदू भुईनीमचा काढा देतात. तो प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरम या हिवतापाच्या घातक परजीवीवर खरोखर चालतो का, हे तपासून घ्यावे असे ग्रामसभेत ठरले आणि वाळवलेला पाला शहरातील एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आला.

चाचणीचे काम त्यांनी चोख केले. क्लोरोक्विन या हिवतापावरील जुन्या औषधाला दाद देणारा ३डी७ आणि न जुमानणारा के१ असे परजीवीचे दोन्ही वाण त्यांनी मानवी तांबड्या रक्तपेशींत वाढवले, अर्काच्या उतरत्या मात्रा दिल्या आणि ७२ तासांनी डीएनएला चिकटून चमकणाऱ्या सायबर ग्रीन रंजकाने वाढ मोजली. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे जे चमकते ते परजीवीचेच डीएनए असते. तुलनेसाठी क्लोरोक्विनचे आकडे आणि सर्व मूळ नोंदीही अहवालासोबत मिळाल्या, याचे मला विशेष कौतुक वाटते.

उणीव राहिली ती अर्क काढण्यात. अहवाल वाचून दाखवल्यावर वैदूबाबा म्हणाले, "गुरुजी, मी तं पाण्यात उकळून देतो, त्यायनं दुसऱ्यातच काढलं, मंग ते माह्यं औषध कसं झालं?" त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते, कारण प्रयोगशाळेने पाण्याऐवजी मिथेनॉल हे अल्कोहोल वापरले होते आणि औषध गावात कसे घेतात हा प्रश्न त्यांच्या अर्जात नव्हताच. ही बाब किरकोळ नाही. दवण्याच्या जातकुळीतील एका चिनी वनस्पतीचा अर्क उष्णतेने निकामी होतो हे ओळखून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले, तेव्हा कुठे आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाचा माग लागला. त्या कार्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

पुन्हा शुल्क भरून काढा तपासला, तेव्हा मिथेनॉलच्या अर्कात दिसलेला मध्यम प्रभाव त्यात जवळजवळ दिसला नाही. म्हणून ताप आला की आधी आशाताईंकडे रक्त तपासून पूर्ण उपचार घ्यावेत, हे आम्ही गावात स्पष्ट सांगितले आहे.

मानवी पेशींवरील विषारीपणाची चाचणी वेगळ्या शुल्कात होते, हेही आधी कळायला हवे होते. जो अर्क सगळ्याच पेशी मारतो तो परजीवीलाही मारणारच, त्यामुळे ती चाचणी नसलेला आकडा अर्धाच ठरतो.

पुढच्या खेपेस सप्तपर्णीची साल पाठवणार आहोत. ती पाण्यात उकळूनच तपासावी, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहू.